पाहुण्यांना पापी द्यायला लेक नाही म्हणते, घरात वाद

ऐरोलीची_आई
मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. गणपतीला सगळे आमच्याकडे ऐरोलीला जमतात, त्यात माझे चुलत सासरे आले की आधी तिला ओढून मांडीवर घेणार, मग पापी. माणूस साधा आहे, मला शंका बिंका काही नाही, पण तिला ती टोचणारी दाढी आणि तंबाखूचा वास नको होतो, ती अंग चोरते आणि सासूबाई म्हणतात अगं आजोबा आहेत ना, असं करतात का, दे बरं. यंदा मी मध्ये पडले, म्हटलं राहू दे, नमस्कार करेल ती. झालं, अबोला अजून चालूय. नवरा म्हणतो शाळेत गुड टच बॅड टच शिकवतात ना, मग तू घरात कशाला काढतेस. एवढ्याशा पोरीला नक्की किती आणि काय सांगायचं, घाबरवून न सोडता?

घोडबंदरचा_बाबा
तुम्ही केलंत ते बरोबरच. आमच्याकडे गुदगुल्यांचा नियम आहे, पोरगं हसत असलं तरी बास म्हटलं की हात मागे, लगेच. आधी तो मुद्दाम बास बास ओरडून चेक करायचा की बाबा खरंच थांबतो का 😄 आता स्वतः धाकटीला चिमटे काढताना ती नको म्हणाली की थांबतो (बऱ्याचदा). वेगळं लेक्चर काही द्यावं लागलं नाही.

जुना_ठाणेकर
माफ करा पण हे जरा अतीच होतंय. आम्ही नौपाड्यात वाड्यात वाढलो, अख्ख्या वाड्याने गालगुच्चे घेतले, काही बिघडलं नाही. आता सख्ख्या आजोबांनी पण परवानगी मागायची का? नात्यातला ओलावाच जाईल अशाने.

नेरुळची_बालवाडीताई
ठाणेकर काका, ओलावा कुठे जात नाही हो, पोरगी नमस्कार करेल, टाळी देईल, हवं तर स्वतःहून येऊन बिलगेल. पण मोठं माणूस आहे म्हणून अंगाला हात लावू द्यायचाच हे एकदा डोक्यात बसलं की नको त्या माणसापुढे ती नाही कसं म्हणणार? पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) केसेसमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतलाच निघतो, एनसीआरबीचे (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे) आकडे दरवर्षी हेच सांगतात. आपण मात्र शिकवतो काय तर अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस.

ऐरोलीच्या ताई, घाबरवायची गरजच नाही, आंघोळ घालताना बोलता बोलता होतं सगळं. अवयवांची नावं नाक कान म्हणतो तशी सरळ सांगायची, शेम शेम नाही म्हणायचं. चार-पाच वर्षांची मुलं आपली जागा आपण धुवू शकतात, तिच्या हातात साबण द्या. डॉक्टरांनी तपासलं तर आई किंवा बाबा समोर असतानाच. गुड-बॅडपेक्षा सुरक्षित-असुरक्षित म्हणा, कारण वाईट स्पर्शाने दुखतंच असं नाही, कधी गुदगुल्या पण होतात आणि मग मूल गोंधळतं की हे चांगलं की वाईट. सगळ्यात महत्त्वाचं गुपित. बाबांच्या वाढदिवसाचा केक लपवणं ही गंमत, ती नंतर सगळ्यांना कळणार असते. पण "आईला सांगू नको हं" असं कोणी म्हणालं, मग ते कोणीही असो, तर ते आईला आधी सांगायचं. आणि तिने काही सांगितलंच तर तुमचा चेहरा सांभाळा, आपण किंचाळलो की मुलं घाबरून गप्प बसतात, परत तोंड उघडत नाहीत.

खारघर_३५
मुलग्यांना पण हे सगळं सांगा प्लीज. माझा पाच वर्षांचा आहे, हळदीकुंकवाला बांगड्या मागून घातल्या तर शेजारच्या काकू म्हणे मुलगी आहेस का रे, तेव्हापासून नेलपॉलिशचं नाव काढत नाही. रडला की आजोबांचं "पोरीसारखा काय रडतोस" ठरलेलं. हेच ऐकत वाढला तर उद्या काही झालं तरी तो कुणाला सांगणार? मध्ये ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये एक तृतीयपंथी ताई डोक्यावर हात ठेवून गेल्या तर ह्याने मोठ्याने विचारलं, दादा की ताई? अख्खा डबा बघायला लागला. मी म्हटलं काही जणांना जन्मल्यावर मुलगा म्हणतात पण आतून त्यांना मुलगी वाटतं. बरं म्हणाला आणि चिप्स मागितले. प्रश्न तेवढाच होता.

वाशीवाला_वकील
खारघर +१, पोक्सो (2012) मुलगा मुलगी दोघांनाही लागू, 18 च्या आतले सगळे. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर 2024 ला आमच्या सोसायटी ग्रुपवर सगळे पेटले होते पण पोलिसांकडे जायचं म्हटलं की मुलाला चौकीत न्यावं लागेल म्हणून लोक कचरतात. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, आणि युनिफॉर्मशिवाय. माहीत असून कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे, घरातलं घरात मिटवू हे चालत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, चोवीस तास फुकट.

जुना_ठाणेकर
गुपिताचं पटलं, नातीला सांगतो. पापीचं अजून नाही पटत.

ऐरोलीची_आई
थँक्यू सगळ्यांना, नवऱ्याला थ्रेड वाचायला दिलाय. सासूबाईंशी मी बोलेन, त्या ऐकतील, गुपिताचं तर त्यांना नक्की पटेल. चुलत सासऱ्यांना मात्र तोच सांगणार, त्याचे काका आहेत. आता म्हणतोय दिवाळीला बघू 🙄