गरम होणारा राउटर : तुमचे अनुभव लिहा

फ्रिजचा कॉम्प्रेसरसुद्धा मधूनमधून थांबतो. राउटर मात्र एकदा लावला की रात्रंदिवस चालूच, आणि त्याच्याकडे लक्ष जातं ते नेट गेल्यावर. आमचा सध्या चांगलाच तापतोय. पाठ हाताला चटकते म्हणावी इतकी. नेट सुरू आहे, तक्रार अशी काही नाही, पण घरातल्यांचं म्हणणं "हा एक दिवस पेट घेणार". कोणाचा राउटर तापत असेल, कोणी काही उपाय केला असेल, उपाय फसला असेल, तर सविस्तर लिहा. "नवीन घ्या" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, तो सल्ला घरात फुकट मिळतो.

*

इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीत आयुष्य गेलं, म्हणून आधी थोडा हिशेब सांगतो. तुमच्या अ‍ॅडॉप्टरवर बहुधा १२ व्होल्ट, १ अँपियर असं छापलेलं असेल. म्हणजे जास्तीत जास्त १२ वॉट. त्यातला अँटेनातून बाहेर पडणारा भाग अगदीच किरकोळ, बाकी सगळ्याची उष्णता होते. पंखा नसलेल्या एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीत ती कोंडली की डबी तापणारच. हाताचा अंदाज इथे फसवतो. ४५ अंशांचं प्लास्टिकही आपल्याला चांगलं गरम लागतं, आणि आतल्या चिपा तर ८० अंशांवरही बिनघोर चालतात.

बिनघोर नसतात ते कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे आतले छोटे भाग. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून राउटर आज पेटणार नाही, पण कोंडून ठेवलात तर लवकर म्हातारा होईल. माहितीपत्रकात वापराचं तापमान बहुतेक वेळा ० ते ४० अंश दिलेलं असतं. ते राउटरच्या आसपासच्या हवेचं. बंद कपाटातली हवा खोलीतल्या हवेपेक्षा बरीच गरम असते, हे लोक विसरतात.

*

कपाटावरून आठवलं. आमच्याकडे टीव्हीखालच्या कप्प्यात सेटटॉप बॉक्स, त्याच्या डोक्यावर राउटर, आणि पुढे काचेचं दार. तारा दिसायला नकोत हा घरातला ठराव! दुपारी टीव्ही चालू असला की नेट रडायचं, सकाळी ठणठणीत. कंपनीचा माणूस दोनदा येऊन "लाइन ओके आहे" सांगून गेला, आणि लाइन ओकेच होती. शेवटी राउटर बाहेर काढून भिंतीवर टांगला, तेव्हापासून दुपारचं रडणं बंद. शिवाय आतल्या खोलीत रेंज वाढली ती वेगळीच. तारा दिसतात. आता कोणी बोलत नाही.

*

भिंतीवर टांगताना फटी कुठे आहेत ते बघा. बऱ्याच राउटरना खालच्या बाजूने फटी असतात. आडवा ठेवला, त्यातही खाली टेबलक्लॉथ असेल, तर त्या निम्म्या बुजतात. माझ्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकता येणारं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेलं आहे, त्यात चिपचं तापमान दिसतं. (सगळ्या मॉडेलमध्ये दिसत नाही.) आडवा असताना आणि उभा केल्यावर पाच-सहा अंशांचा फरक पडला. गरम हवा वर जाते, खालून थंड हवा ओढली जाते, बस. फुकटचा उपाय आहे, आधी हा करा.

*

मी यूएसबीवर चालणारा छोटा पंखा राउटरच्याच पोर्टला लावला. पाठ थंडगार. कोणाला हवा असेल तर उपाय मस्त आहे.

*

पंख्याला माझा विरोध. वरचे म्हणतात तसा थंड होतो खरा, पण वर्षभरात फटींमध्ये धुळीचा नमदा बसतो, आणि स्वस्तातला पंखा कुरकुरायला लागला की रात्री तोच ऐकू येतो. चार कोपऱ्यांना रबराची बुटकी बुचं लावून राउटर बोटभर उचला. जवळपास तेवढंच काम होतं. आणि बर्फाचं पॅक वर ठेवायचं कोणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच सोडा : आत दव धरतं.

*

धागाकर्ता पुन्हा. बुचं लावली, उभा केला. पाठ आता कोमट आहे. पण हात लावून बघताना लक्षात आलं, अ‍ॅडॉप्टर राउटरपेक्षा जास्त तापलाय. हे नॉर्मल का?

*

तुमच्या प्रश्नाचीच वाट बघत होते. आमचं सगळं प्रकरण अ‍ॅडॉप्टरचंच निघालं. व्हिडिओ कॉल सुरू झाला की राउटर आपोआप बंद-चालू व्हायचा. सगळे दिवे विझायचे, मग एकेक परत पेटायचा. सगळे म्हणाले तापतोय म्हणून होतंय. भावाने मल्टिमीटर लावला तर मोकळ्या पिनवर बरोबर १२ व्होल्ट. इथेच लोक फसतात, कारण भार नसताना आकडा छानच दिसतो. राउटर जोडून, दोन-तीन फोनवर व्हिडिओ लावून मोजलं तर व्होल्टेज दहाच्या खाली घसरत होतं. जुना अ‍ॅडॉप्टर भावाने उघडला (तुम्ही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो). एका कपॅसिटरचं सपाट डोकं फुगून घुमटासारखं झालेलं, वरच्या खाचेतून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलेलं.

नवा घेताना व्होल्ट अगदी तेच, अँपियर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचा आकार व अधिक-उणेची खूण जुळणारी. जास्त अँपियरने राउटर जळत नाही, त्याला लागेल तेवढंच तो ओढतो. जास्त व्होल्टने मात्र जळू शकतो.

*

भार कमी करण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. आमच्या राउटरला मागे हार्ड डिस्क जोडलेली होती, सिनेमे ठेवायला. ती काढल्यावर फरक हाताला कळला, कारण डिस्कची वीजही राउटरमधूनच जात होती. दुसरं, सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर असते, म्हणजे वाय-फायचा सिग्नल किती जोरात सोडायचा ते. दोन खोल्यांच्या घरात ती 'हाय'वर कशाला? 'मीडियम' केली, रेंजमध्ये काही कळलं नाही. गारव्यातला फरक थोडाच, खोटं सांगत नाही. रात्री वाय-फाय बंद ठेवायची वेळही लावता येते, पण घरात वाय-फायवरचा कॅमेरा असेल तर तोही झोपतो. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ही सेटिंग्ज कुलूपबंद असतात, मग नाइलाज.

*

एक सूचना, मिनी यूपीएसवाल्यांसाठी. लाइट गेली तरी नेट राहावं म्हणून पुष्कळ जण यूपीएसची डबी राउटरखाली सरकवून ठेवतात. आत लिथियम सेल असतात आणि उष्णता त्यांना अजिबात मानवत नाही. ओळखीतल्या एकांच्या डबीचा जोड उकलला होता, कारण आतला सेल फुगला होता. राउटर गरम लागला तर घाबरू नका. जळका वास, पिवळं-तपकिरी पडलेलं प्लास्टिक किंवा फुगलेली डबी दिसली तर मात्र मुख्य बटण बंद करा, मगच प्लग काढा. सेल दाबून, टोचून बघू नका, आणि नेहमीच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

*

वरचं वाचून आत्ता उठून बघितलं. यूपीएस राउटरखालीच होता. बाजूला काढला.