कादंबरी पंचविसाव्या पानावरच हातातून सुटते, कुणाला असं होतं का?

चोडणची_वाचक

प्रश्न जरा वेडगळ आहे पण विचारतेच. मी रोज गोव्यातल्या चोडण-रायबंदर फेरीबोटीनं कामाला जाते, फेरीची वाट बघण्यात आणि पलीकडे बस मिळेपर्यंत सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर तरी जातो, आणि गेली पंधराएक वर्षं तो तास माझ्या वाचनाचा. त्या तासात कादंबऱ्या ढिगानं वाचून झाल्यात. पण वर्षभरात काय बिघडलंय कळत नाही, नवी कादंबरी उघडली की पंचविसाव्या पानाच्या आसपास डोक्यात कुणीतरी म्हणतं, हे ह्यानं बसून बनवलंय. मग संपलंच. नायक शहरात फ्लॅटमध्ये एकटा, खिडकीतून पाऊस बघतोय, बायको निघून गेलीय, मग त्याला गाव आठवतं. अरे बाबा, पाऊस मी पण बघते, चार महिने, फेरीत, चप्पल हातात घेऊन.

उलट कॅथरीन बूचं 'बिहाइंड द ब्युटिफुल फॉरेव्हर्स' माझ्या हातात उशिरा आलं (पुस्तक २०१२ चं, मुंबई विमानतळाशेजारच्या अण्णावाडी झोपडपट्टीवरचं, सगळं खरं घडलेलं). सुरुवातीलाच तो भंगार निवडणारा अब्दुल पोलिसांना चुकवायला आपल्याच भंगाराच्या खोपीत जाऊन लपतो, आणि मी ते वाचत बसले तर फेरी धक्क्याला कधी लागली पत्ताच नाही, मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा उठले. हे झालंय हे माहीत असल्यामुळेच ते असं धरतं का? की सत्तेचाळिसाव्या वर्षी कादंबरी वाचायची नजरच जाते? म्हणजे चष्मा बदलू की पुस्तकं?

साखळीचो_भुरगो

ताई राग मानू नका पण दोष कादंबरीचा नाही, तुमच्या निवडीचा आहे 😄 फ्लॅट आणि पाऊसवाल्या मी पण सोडल्या. तुम्ही 'झाडाझडती' वाचलीय का? १९९१ ची, विश्वास पाटलांची, धरणात गाव गेलेल्या लोकांची. लिहिणारा स्वतः सरकारी नोकरीतला, त्यामुळे फायली कशा फिरतात, मोबदल्याचा कागद कुणाच्या टेबलावर अडतो हे सगळं असं आलंय की रिपोर्ताज काय देणार. तीच जखम पण अगदी वेगळ्या तऱ्हेनं हवी असेल तर कृष्णात खोतांची 'रिंगाण', २०२३ चा साहित्य अकादमी. त्यात माणूस परत जातो ते मागे राहिलेल्या म्हशीसाठी. म्हशीच्या मनात शिरणारं नॉनफिक्शन असेल तर मला सांगा, मी विकत घेतो.

पाटोचा_पेन्शनर

मी पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत रोज जाऊन बसतो. लोकांना एसी आवडतो, मला पण आवडतो, पण मी पुस्तकं पण काढतो. (ही लायब्ररी १८३२ ची, पोर्तुगीज काळातली, हे इथं येणाऱ्या मुलांना सांगितलं की ती वायफायचा पासवर्ड विचारतात.)

बाय, खरं-खोटं असे दोन कप्पे करू नका एवढंच म्हणेन. महाबळेश्वर सैलांची 'हावठण' कोंकणीत वाचा, २०१६ चा सरस्वती सन्मान तिलाच मिळाला, गोव्यातल्या कुंभारांवरची आहे. कोंकणी ऐकून कळते पण वाचायला जड जाते असं आपल्यातले बरेच म्हणतात, पहिली दहा पानं मोठ्यानं वाचायची, मग चालतं. माझं आजोळ कुंभारवाड्याच्या बाजूचं होतं. भट्टी लावल्यावर त्या रात्री वाड्यावरची माणसं कशी हळू बोलायची ते मी पाहिलंय, आणि ते मला कुठल्या लेखात सापडलं नाही, कादंबरी वाचताना आठवलं.

आणि नॉनफिक्शनच हवं तर बाहेर कशाला जाता, अनिल अवचट आहेत की. 'माणसं' काढा. त्यात एक गोष्ट मला फार आवडते, ते स्वतः दिसतात. कुठं बसले, कोण बोलायला तयार नव्हतं, कुठं स्वतःलाच लाज वाटली, सगळं सांगतात. तुमच्या त्या बूबाईंच्या पुस्तकात बाई स्वतः कुठं आहे?

डेस्कवरची_कात्री

पेन्शनर काकांनी नेमकं बोट ठेवलं. मी एकोणीस वर्षं पेपरच्या डेस्कवर आहे. बातमीत 'त्याच्या मनात आलं' असं वाक्य दिसलं की मी पहिलं ते कापते. तुझ्या मनाला कसं कळलं रे, हा माझा ठरलेला प्रश्न. आणि ह्या गोष्टीसारख्या लिहिलेल्या नॉनफिक्शनमध्ये पानोपानी तेच! अब्दुल असा विचार करत होता, तसा विचार करत होता. आता बूनं शेवटी टिपणात सांगितलंय की तीनेक वर्षं ती तिथं जात होती, लोकांना पुन्हा पुन्हा तेच विचारलं, सरकारी कागद काढले, म्हणून मी तिला सोडते. पण सगळे एवढं करत नाहीत हो.

ह्या प्रकाराचा मोठा देव म्हणजे ट्रुमन कपोटी, 'इन कोल्ड ब्लड', १९६६. चार खुनांची खरी केस, आणि ह्यात सगळं तंतोतंत खरं असा त्याचा दावा. शेवटचा स्मशानातला प्रसंग किती शांत, किती सुंदर. तो घडलाच नव्हता, त्यानं बनवलेला. म्हणजे पुस्तकाचा शेवट नीट व्हावा म्हणून गड्यानं कादंबरीकाराचं काम केलं आणि वर शिक्का सत्याचा! मला बनवण्याचा राग नाही, शिक्क्याचा आहे. कादंबरीवाला निदान कव्हरवरच सांगतो की मी बनवतोय.

साखळीचो_भुरगो

शें, शेवटचा प्रसंग खोटा? मी तो मित्राला वाचून दाखवला होता 😐

चोडणची_वाचक

परवापासून लिहीन म्हणतेय, आता वेळ मिळाला. जरा लांबेल.

धरणाचा विषय निघाला म्हणून. माझ्या सासूबाईंचं माहेर कुर्डी, सांगे तालुका. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हटलं की लोकांना कळतं. साळावली धरणात गेलं ते, १९८६ पासून पाण्याखाली, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं. तेव्हा वाडें, वाळकिणीला वसवलेले लोक सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. आम्ही पण गेलो होतो. भेगाळलेली लाल जमीन, मेलेल्या माडांची खुंटं, चिऱ्यांचे चौथरे. सासूबाई एका चौथऱ्यावर चढल्या, चप्पल काढून, आणि म्हणाल्या ही चूल. मग दोन पावलं सरकून म्हणाल्या, नाही, ही. चौथरा दोन्हीकडे सारखाच होता. मग जुन्या महादेवाच्या देवळाचं निघालं, ते पुरातत्त्व खात्यानं दगड न दगड सोडवून धरणाजवळ नेऊन परत उभं केलंय. सासूबाई म्हणाल्या, देवाला घर होतं तसं मिळालं, आम्हाला प्लॉट मिळाला.

तर गाव सोडला त्या दिवसाची गोष्ट त्या मला वीस वर्षं सांगतायत. ट्रक आला, सामान चढलं, सगळ्यात वर कोंबड्यांचं खुराडं बांधलं, आणि वळणावर एक कोंबडी निसटून खाली पडली ती मागे धावत आली, आणि त्यांच्या बापानं ट्रक थांबवला नाही. ही कोंबडी मला पाठ आहे. कधी ट्रक पहाटेचा असतो, कधी भर दुपारचा, मी कधी टोकलं नाही.

ह्या वेळी परत येताना गाडीत मी तुमच्या पोस्टी वाचून दाखवत होते, ते कात्रीताईंचं 'तुझ्या मनाला कसं कळलं रे' आलं तेव्हा सासूबाई एकदम म्हणाल्या, "मी खंय आसलें थंय? म्हजें लग्न जालेलें." म्हणजे त्या तिथं नव्हत्याच! तेव्हा त्या केप्याला सासरी होत्या, आधीच लग्न झालेलं. कोंबडीचं भावानं सांगितलेलं. भावाला विचारायची सोय नाही, तो गेला. मी विचारलं मग बाबांनी ट्रक थांबवला नाही हे तरी खरं का, तर म्हणाल्या, "तो थांबोवपी न्हयच." थांबवणारा नव्हेच तो.

आता ह्याला काय म्हणायचं मला सांगा. मला वीस वर्षं ते नॉनफिक्शन वाटत होतं म्हणून रडू यायचं. आता कळलं की बनवलेलं आहे, निदान अर्धं, आणि गाडीत मला जास्तच रडू आलं, कारण जिथं आपण नव्हतो तिथं ही बाई चाळीस वर्षं रोज जाऊन उभी राहतेय.

कादंबरी सुटण्याचं म्हणाल तर 'झाडाझडती' आणलीय. पंचविसावं पान ओलांडलं. पण फेरीत न्यायला मिळत नाही, सासूबाईंनी काढून घेतलीय आणि दर पानावर, आमच्यात असं नव्हतं, असं पुस्तकाशी भांडतायत.

पाटोचा_पेन्शनर

त्यांचं भांडण पेन्सिलीनं समासात लिहून घ्या. पुस्तक लायब्ररीचं असेल तर मी हे बोललो नाही.

डेस्कवरची_कात्री

बाय, हे लिही, नीट पाच-सहा पानं. ट्रकची वेळ देऊ नको, त्या तिथं नव्हत्या हे पहिल्याच परिच्छेदात सांग. कोंबडी मी कापणार नाही.

साखळीचो_भुरगो

आणि म्हशीचं पण वाचा मरे.