तिळारीचा कालवा, बेळगाव आणि चोर्ला : सायकल-फेरीच्या आखणीचे अनुभव

साखळीहून डिचोली, दोडामार्ग, तिळारीच्या कालव्याचा परिसर, तिळारी घाट, शिनोळी, बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि केरीमार्गे पुन्हा साखळी, अशी दोनशे किलोमीटरच्या आसपासची फेरी आम्ही काही जण येत्या हिवाळ्यात करू इच्छितो. तीन राज्यांतून जाणाऱ्या या वाटेवर कालव्याकाठची सपाट चाल आहे, आणि सह्याद्री एकदा चढून एकदा उतरायचा आहे. नकाशावरून अंतर आणि चढ कळतो. कोणत्या वेळी कोठे असावे, हे मात्र कळत नाही. ज्यांनी ही फेरी किंवा तिचा एखादा टप्पा सायकलने केला आहे, त्यांनी दिशा, वेळ आणि पाणी यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दोडामार्गहून :
कालव्याचा काठरस्ता देखभालीसाठी केलेला असतो, प्रवासासाठी नव्हे, हे धरूनच आखणी करावी. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त पाटबंधारे प्रकल्प असून त्याचे कालवे आमच्या तालुक्यातून डिचोली, बार्देश आणि पेडण्याकडे जातात. पाणी आपल्या उताराने वाहावे म्हणून कालवा डोंगराच्या कडेकडेने जवळजवळ समपातळीत फिरवलेला असतो. त्यामुळे चढ लागत नाही, परंतु समोर दिसणाऱ्या गावी पोहोचण्यासाठी वळशांत बराच वेळ जातो. कोठे मुरूम, कोठे गुडघाभर गवत, तर कोठे ओढ्यावरून कालवा पुलासारखा नेल्यामुळे पुढे वाटच नाही, असे होते. कालवा फुटून काठ वाहून गेल्याचे प्रसंगही या भागाने पाहिले आहेत, म्हणून आदल्या दिवशी गावात चौकशी करावी. भरल्या कालव्यात तोंड धुण्यासाठीसुद्धा उतरू नये, कारण उतरत्या गुळगुळीत अस्तरावरून माणसाला स्वतःहून वर येणे फार कठीण जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट हत्तींची. तिळारी खोऱ्यात रानटी हत्तींचा वावर अनेक वर्षांपासून असून ते केळी-माडांच्या बागायतींत बहुधा रात्री उतरतात. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे वळणापलीकडच्या जनावराला आपली चाहूल लागत नाही आणि आपल्याला त्याची. उजाडण्यापूर्वी आणि दिवेलागणीनंतर येथे कोणीही सायकलवर असू नये, असे मी कळकळीने सांगतो.

म्हापशाहून :
वरील मुद्द्यावरूनच दिशा ठरते, असे माझे मत आहे. डिसेंबरच्या मध्यास आपल्याकडे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो, म्हणजे उजेड जेमतेम सव्वाअकरा तास मिळतो. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीला, १३ तास ३० मिनिटांची मुदत असते. ती गाठणाऱ्या सायकलस्वारालाही येथे काही वेळ काळोखातच काढावा लागेल. तो कोणत्या रस्त्यावर काढायचा, एवढेच आपल्या हाती आहे. चोर्ल्याकडून सुरुवात केल्यास शेवटचा अंधार तिळारी खोऱ्यात गाठतो. म्हणून पहाटे पाचला निघून साखळी-डिचोली-दोडामार्ग हा ओळखीचा रस्ता दिव्यांच्या उजेडात संपवावा आणि उजाडताना दोडामार्ग सोडावे. दुपारी एकपर्यंत बेळगाव मागे पडले नाही, तर चोर्ला संध्याकाळी उतरावा लागेल, आणि तसे करण्यापेक्षा बेळगावातच थांबणे मला योग्य वाटते.

वाळपईहून :
मी ही फेरी उलट दिशेने केली आहे. सकाळच्या थंडाव्यात, झाडीच्या सावलीतून चोर्ला चढणे हा फार मोठा आनंद आहे, हे मी आजही म्हणेन. तरीही म्हापशाच्या मित्राशी मी सहमत आहे, आणि माझे कारण ब्रेकचे आहे. तिळारी घाटाची वळणे इतकी आखूड आणि उभी आहेत की, उतरताना हात ब्रेकवरून काढता येत नाही. रिम ब्रेक असलेल्या सायकलींच्या धावा तापून ट्यूब फुटण्याची भीती असते. तो घाट चढावाच. त्यासाठी पेडलकडच्या सर्वांत लहान दातेरी चक्राला ३४ आणि मागच्या चाकाच्या सर्वांत मोठ्या चक्राला निदान ३२ दात असावेत, आणि पायांतील बळ कालव्याकाठी वेग घेण्यात खर्च करू नये.

चोर्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. उतार लांब असला तरी पेलण्याजोगा आहे. धोका मागून येणाऱ्या अवजड वाहनांचा आणि धुक्याचा. माथ्याआधी कणकुंबीला जरूर थांबावे. तेथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, आणि गावाजवळच म्हादईच्या तंट्यातील, तिचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यासाठीच्या कळसा कालव्याचे खोदकाम दिसते. ज्या म्हादईसाठी गोवा इतकी वर्षे झगडतो आहे, तिच्या पाण्याचा प्रश्न सायकलवरून उतरून पाहिला की वर्तमानपत्रात वाचल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट होतो.

बेळगावहून :
शिनोळीहून येताना शहराच्या मध्यातून जाऊ नये. जांबोटीपुढे जंगल दाट आणि दुकाने विरळ होत जातात, तेव्हा सगळ्या बाटल्या जांबोटीतच भराव्यात. भाषेची अडचण नाही. कणकुंबीपर्यंत मराठी चालते.

फोंड्याहून :
आम्ही मैत्रिणींनी ही फेरी बेळगावी मुक्काम करून दोन दिवसांत केली, आणि आपणही तसेच करावे, असे मी आग्रहाने सुचवते. एका दिवसाच्या आखणीत प्रत्येक थांबा घड्याळाकडे पाहून आवरता घ्यावा लागतो, आणि पंक्चर झाले की सारे गणित चुकते. दोन दिवसांच्या आखणीत पहिल्या दिवशी उजाडल्यावर निघूनही तिळारी घाट दुपारपूर्वी चढून होतो, आणि हत्तींच्या भागातून अंधारात जाण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या सकाळी सातला बेळगाव सोडले की चोर्ला भर उजेडात उतरता येतो. कालवा हेच आपले आकर्षण असेल, तर केरीला थेट साखळीचा रस्ता धरू नये. अंजुणे धरण तेथेच आहे आणि त्याचे कालवे सत्तरी-डिचोलीच्या शेतीला पाणी पुरवतात. केरीत चौकशी करून, काठरस्ता जेथपर्यंत चांगला असेल तेथपर्यंत त्यावरून जावे आणि मग पर्येमार्गे साखळी गाठावी. यासाठी टायर ३२ मिलिमीटरहून अरुंद नसावेत, आणि काठावर पोहोचल्यावर त्यांतील हवा थोडी कमी करावी.