आवृत्ती क्रमांकांची तुलना: भाषेचे काम की पॅकेज व्यवस्थेचे?

अंधेरीकर:
आवृत्ती क्रमांकासाठी प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीत स्वतंत्र प्रकार असावा, असे माझे मत आहे. ३.१० ही ३.९ नंतरची आवृत्ती. पण दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरे, म्हणून ताडल्या की ठिपक्यापुढचा १ हा ९ पेक्षा लहान ठरतो आणि जुनीच आवृत्ती नवी म्हणून वर येते. दशांश संख्या मानावी, तर शून्य गळते: यॅमल या सेटिंग्ज लिहिण्याच्या स्वरूपातील फाइलीत पायथन भाषेची आवृत्ती अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिली की तिची ३.१ होते. २०२१ मध्ये पायथन ३.१० आले तेव्हा आमच्या अंधेरीच्या कार्यालयात या शून्यापायी बरीच शोधाशोध झाली. पीएचपीमध्ये तुलनेचे फंक्शन भाषेतच आहे. पायथनने मात्र ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स ही पॅकेज बांधण्याची जुनी लायब्ररी काढताना त्यातले आवृत्तीचे वर्गही काढून टाकले.

पवईकर:
निदान बरोबर, उपाय पटत नाही. भाषेने कोणता क्रम खरा मानायचा? १.०आरसी१ (१.० ची प्रकाशनपूर्व चाचणी आवृत्ती) ही पायथनच्या पेप ४४० या आवृत्ती क्रमांकांच्या नियमाने १.० च्या आधीची. तीच अक्षरे डेबियन या लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअर बसवणाऱ्या डीपीकेजी या पॅकेज व्यवस्थेला दिली तर ती त्यांना १.० च्या नंतर लावते, म्हणूनच तिथे मध्ये टिल्ड (~) चिन्ह घालावे लागते. १.० आणि १.०.० पायथनला समान, डीपीकेजीला वेगळ्या. पर्लमध्ये तर एकच ठिपका असलेला साधा क्रमांक दशांश मानला जातो, त्यामुळे तिथे १.१० ही १.९ पेक्षा लहान असणे अगदी नियमाला धरून आहे! राहिले डिस्टयुटिल्स. त्यातल्या लूजव्हर्जन या आवृत्ती ताडणाऱ्या वर्गापुढे एकाच जागी अक्षर आणि अंक आले की पायथन ३ मध्ये टाइपएरर, म्हणजे प्रकार न जुळल्याची चूक, येत असे. तो वर्ग गेला याचे दुःख कशाला?

बोरिवलीची वाचक:
यॅमलचा दोष भाषेच्या माथी का? अवतरणचिन्हे घालावीत.

अंधेरीकर:
अवतरणचिन्हांनी शून्य वाचते, क्रम लागत नाही. पायथन स्वतःची आवृत्ती टपल, म्हणजे सुट्या घटकांची यादी, म्हणून देते, तरी लोक आवृत्तीच्या स्ट्रिंगची पहिली तीन अक्षरे कापत राहिले आणि ३.१० वर त्यांच्या हाती ३.१ आले. पवईकर, नियम अनेक आहेत हे मान्य. पण मजकूर वर्णानुक्रमे लावताना आपण लोकेल, म्हणजे कोणत्या भाषेचा क्रम लावायचा ते, सांगतो, तसाच इथे नियम सांगावा, आणि तो न सांगता तुलना केल्यास भाषेने ती नाकारावी.

पवईकर:
नाकारण्याला माझा विरोध नाही. मात्र क्रमांक नुसताच हाती आला, तर तो कोणत्या नियमाचा हे पॅकेज व्यवस्थेलाच ठाऊक असते. मग तुलनाही तिनेच का करू नये?