शब्दचर्चा: हयगय, निष्काळजीपणा, हलगर्जीपणा... आणि 'अनवधान'

टपोरेदाणे:
नमस्कार मंडळी. शंका शब्दाचीच आहे पण मागे थोडी कथा आहे, सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याच्या (वय वर्षे ८) पायावर शाळेचं सरकतं लोखंडी गेट रुळावरून निसटून पडलं. नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता प्लास्टरमध्ये आहे आणि टीव्हीचा रिमोट कुणाला देत नाहीये. तर आमच्याकडे तीन कागद आहेत आणि तिन्हीत वेगळे शब्द. एफआयआरमध्ये 'हयगयीने', गावातल्या पेपरात 'शाळेचा अक्षम्य हलगर्जीपणा' आणि शाळेच्या पत्रात 'अनवधानाने घडलेला दुर्दैवी अपघात'. बहीण हयगयवर भडकलीये, तिचं म्हणणं पोलिसांनी मुद्दाम गुळमुळीत शब्द घातला, हयगय काय, गोळी घ्यायला विसरलो की आई म्हणते हयगय करू नकोस, पोराचा पाय मोडला त्याला हयगय म्हणतात का. मला पण पटलं तिचं. तुम्ही काय म्हणता?

शब्दवेडी:
ताई, आधी भाचा लवकर बरा होवो. आता शब्दाचं. बहिणीचा राग कळतो पण इथे पोलिसांनी उलट बरोबर शब्द घातलाय. घरात हयगय हलकाच शब्द आहे, औषधपाण्यात हयगय, अभ्यासात हयगय. पण कायद्याच्या सरकारी मराठीत निग्लिजन्सला हाच शब्द येतो, आणि रॅशला बेदरकारपणा. मी भाषांतराची कामं करते, जुन्या भादंविच्या (भारतीय दंड विधान, इंग्रजीत आयपीसी) मराठी प्रतीत 'बेदरकारपणे किंवा हयगयीने' ही जोडी इतक्या वेळा आलीये की आता झोपेतही टाईप होईल. हलगर्जीपणा हा पेपरवाल्यांचा शब्द, आवाज मोठा, आणि अक्षम्य तर त्याला चिकटूनच जन्माला आल्यासारखं झालंय, क्षम्य हलगर्जीपणा कुणी वाचलाय का कधी?

पेठेतलाकाका:
शब्दवेडी, बेदरकार म्हणजे ज्याला दरकार नाही तो, बरोबर ना? फारसीतला. म्हणजे माहीत असून फिकीर न करणारा. आणि हयगय म्हणजे करायला हवं ते न करणारा. मग गेटवाल्यांना बेदरकार लावता येईल की.

शब्दवेडी:
काका हो, अगदी. बेपर्वा पण त्याच घरातला. एवढं एकच की बेदरकारला काहीतरी करताना पकडावं लागतं, गाडी भरधाव हाकली वगैरे. गेट दुरुस्त न करणं ही न केलेली गोष्ट, तिथे हयगय जास्त चपखल बसते.
आणि एक राहिलं, हेळसांड. हेळसांड आपल्या ताब्यात असलेल्या माणसाची होते, पेशंटची, म्हाताऱ्यांची, लेकराची. गेटच्या देखभालीत हयगय झाली, आणि गेट पडल्यावर पोराला तासभर ऑफिसात बसवून ठेवलं असेल तर ती हेळसांड. दोन्ही वेगळं लिहा. आबाळ मात्र नको, आबाळीत दोष कुणाचा ते येतच नाही, आईबाप कामावर गेले तरी पोरांची आबाळ होते.

टपोरेदाणे:
तास नाही, पण चाळीस मिनिटं. बर्फ लावून बाकावर बसवलं होतं. हेळसांड लिहून ठेवते.

काळाकोट:
जिल्हा कोर्टात वकिली करतो म्हणून बोलतो. ताई, हयगय राहू द्या, भांडायचं असेल तर 'दुखापत' या शब्दावर भांडा. आता भादंवि गेलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. तिच्यात कलम १२५, म्हणजे जुनी ३३६, ३३७, ३३८ एकत्र. साधी दुखापत असेल तर सहा महिन्यांपर्यंत, गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. गंभीर म्हणजे आपल्याला वाटतं ते गंभीर नाही, कायद्यात यादीच आहे, हाड मोडलं की गंभीर, दात पडला तरी गंभीर, आणि पंधरा दिवस माणूस रोजचे व्यवहार करू शकला नाही तरी गंभीर (पूर्वी हे वीस दिवस होते). तेव्हा एफआयआरमध्ये १२५ पुढे कंसात अ आहे की ब ते बघा, अ असेल तर साधी दुखापत धरलीये. एक्सरे आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट नेऊन लेखी अर्ज द्या.
आणि पुढे कधी 'समरी' हा शब्द कानावर आला तर कान टवकारा. आपल्याकडे पोलीस तपास बंद करताना ए, बी, सी समरी पाठवतात, बी म्हणजे फिर्यादच खोटी, सी म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमज किंवा दिवाणी बाब. शाळेच्या केसमध्ये सी समरीची भीती असते. कोर्ट तुम्हाला नोटीस काढून विचारतं, तेव्हा हजर राहून विरोध करायचा, लोक जातच नाहीत.

टपोरेदाणे:
बापरे. अ की ब बघितलं नव्हतं, बघते. पण शाळा म्हणते मदत म्हणून २५ हजार देतो आणि 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं लिहून द्या. भाऊजी म्हणतात घेऊन टाकू, रोज त्याच शाळेत पाठवायचंय पोराला.

दर्याकाठ:
मांडवली 😀 मुंबईत याला एवढाच शब्द.

शब्दवेडी:
'मदत' शब्दावरच थांबा. मदत, सानुग्रह, भरपाई, मोबदला, चारही शब्दांत हातात पैसेच येतात पण मदत आणि सानुग्रह म्हणजे देणाऱ्याची कृपा, त्याच्यावर बंधन काही नव्हतं. भरपाई म्हणजे तुझ्यामुळे खड्डा पडला, तू भर. नवी मुंबईकर मोबदला जमिनीला वापरतात तो वेगळा. शाळा मदत म्हणते म्हणजे ती अनवधानवालीच लाईन चालवतीये, अनवधान म्हणजे लक्ष नसणं, ग्रुपवर चुकून फोटो गेला की लिहितो तो शब्द. शंभर किलोंच्या गेटला अनवधान?

काळाकोट:
शब्दवेडी १०० टक्के. भाऊजींना सांगा पैसे घ्यायचेच असतील तर 'दवाखान्याच्या खर्चापोटी आगाऊ रक्कम, हक्क राखून' असं लिहून घ्या. पोराचा हक्क बापाने सही करून सोडता येतो असं समजू नका, दावा कोर्टात असेल तर अज्ञानाच्या वतीने तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते, दिवाणी प्रक्रिया संहिता ऑर्डर ३२. परवानगीशिवाय केलेली तडजोड पोराच्या बाजूने मोडता येते.

टपोरेदाणे:
अज्ञान?? माझा भाचा अज्ञान? हा काय शब्द आहे 😡

पेठेतलाकाका:
हाहा, सातबारा बघितला नाही वाटतं कधी. 'अ.पा.क.' लिहिलेलं असतं, अज्ञान पालनकर्ता. आमच्या आईचं नाव तसंच लागलं होतं आम्ही लहान असताना, वडील गेल्यावर. मला कॉलेजात जाईपर्यंत ते आईचं आडनाव वाटायचं.

शब्दवेडी:
कायद्यात अज्ञान म्हणजे मायनर आणि सज्ञान म्हणजे मेजर, ज्ञानाशी संबंध नाही. अल्पवयीन बातम्यांत जास्त चालतो. पण अर्जात 'अ.पा.क. आई' लिहिलेलं वाचून बहिणीने तिथे भांडू नये म्हणून आत्ताच सांगून ठेवा. काही कागदांत वादमित्र पण दिसेल, अज्ञानाच्या वतीने दावा लावणारा तो. न्यायमित्र वेगळा, तो कोर्टाला मदत करणारा वकील.

काळाकोट:
या अज्ञानपणाचा फायदा पण आहे. पोराच्या स्वतःच्या दाव्याची मुदत तो सज्ञान होईपर्यंत थांबते, १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम ६, अठरा झाल्यावर मात्र जास्तीत जास्त तीन वर्षं. पण आईबापाने जो खर्च केला, रजा घातल्या, त्यांच्या स्वतःच्या दाव्याचं घड्याळ अपघाताच्या दिवसापासूनच चालू. आणि दहा वर्षांनी गेटचा वेल्डर कुठे शोधणार.

अर्धाचहा:
मधेच घुसतो. आमच्याकडे एकाने ग्राहक कोर्टात टाकली होती केस, ते सोपं नाही का? वकील पण लागत नाही म्हणे.

काळाकोट:
ग्राहक आयोगाचा दरवाजा एकाच शब्दावर उघडतो, 'सेवेत त्रुटी'. आता शाळा ही सेवा आहे का, तिथेच घोडं पेंड खातं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलं की शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवा नाही आणि सहली, पोहणं असल्या गोष्टीही त्यातच, कोचिंग क्लास मात्र सेवा. म्हणजे हेच गेट क्लासवाल्याचं असतं तर ग्राहक आयोग, शाळेचं आहे तर बहुधा दिवाणी कोर्ट. लोकांना पटत नाही पण आजची स्थिती अशी आहे, वरच्या कोर्टात वाद चालूच आहे.
हॉस्पिटलचं मात्र नक्की, १९९५ पासून पैसे घेऊन दिलेले उपचार म्हणजे सेवा. आणि १९९८ चा सुप्रीम कोर्टाचा दिल्लीचा निकाल आहे, टायफॉईडच्या लहान मुलाला नर्सने भलतंच इंजेक्शन दिलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. हॉस्पिटल म्हणालं ग्राहक मुलगा आहे, आईबापांना वेगळं कशाला, कोर्ट म्हणालं पैसे देणारे पण ग्राहक आणि उपचार घेणारा पण. मुलाला साडेबारा लाख आणि आईबापांना मानसिक त्रासाचे वेगळे पाच लाख. त्या काळात. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं, लक्षात ठेवा.

पेठेतलाकाका:
डॉक्टरवर थेट पोलीस केस होत नाही असं ऐकलंय.

काळाकोट:
होते, पण २००५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, फौजदारीसाठी निग्लिजन्स 'ग्रॉस' लागतो. भरपाईला साधा पुरतो.

शब्दवेडी:
आणि या ग्रॉसने आमचा जीव खाल्लाय. एका भाषांतरात 'ढोबळ निष्काळजीपणा' वाचलं, ढोबळ म्हणजे अंदाजे हो! घोर बरं आहे पण पुराणातलं वाटतं. मी 'ढळढळीत' सुचवलं होतं, साहेबांना आवडलं नाही.

अर्धाचहा:
ढळढळीतला माझं मत +१

सलाईनबाई:
मी हॉस्पिटलात आहे, कॅज्युअल्टीला. शब्दावरून एक सांगते जे वकील लोक सांगत नाहीत. पोराला घेऊन आले की आईबाप घाबरलेले असतात आणि विचारलं काय झालं की म्हणतात 'शाळेत पडला'. आम्ही केसपेपरवर तेच लिहितो, शाळेत खेळताना पडला. झालं. पुढे समोरचा वकील तोच कागद नाचवतो. पोरगा पडला आणि पोरावर गेट पडलं, क्रियापद एकच आहे, कर्ता बदलला की केस बदलते. तेव्हा पहिल्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच बघा. एमएलसी (मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) झालीये का ते पण विचारा. रेकॉर्डची कॉपी लेखी मागा, ७२ तासांत द्यावी लागते.

टपोरेदाणे:
सलाईनबाई तुमच्या पाया पडते. आत्ताच फोटो काढून मागवला, 'लोखंडी गेट अंगावर पडल्याने' असं आहे. रिक्षातून उतरून धावत आलेल्या रिक्षावाल्या काकांनी सांगितलं होतं म्हणे, बहीण तेव्हा पोचलीच नव्हती.

दर्याकाठ:
रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा, साक्षीदार आहे तो.
माझा पण प्रश्न, शाळेच्या व्हॅनने लागलं असतं तर?

काळाकोट:
तर शब्द 'क्लेम' आणि ठिकाण मोटार अपघात न्यायाधिकरण, सगळे एमएसीटीच म्हणतात. तिथे विमा कंपनी असते म्हणून पैसे मिळायची शक्यता जास्त. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत आणली, १ एप्रिल २०२२ पासून लागू, तिच्यावर सुप्रीम कोर्टात वाद आहे पण तुम्ही सहा महिने धरूनच चाला. मुलांना कमाई नसते म्हणून पूर्वी फुटकळ रकमा द्यायचे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपंगत्वाच्या टक्क्यांप्रमाणे एक लाखापासून सहा लाखांपर्यंतचे टप्पे सांगितले, आणि २०२० मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये त्याच्याही पुढे गेले, कुशल कामगाराचा पगार धरला, तिला सांभाळायला आयुष्यभर माणूस लागणार त्याचे पण पैसे गुणक लावून धरले, एकूण ६२ लाखांच्या वर. गुणक म्हणजे मल्टिप्लायर, वयाप्रमाणे वर्षांचा आकडा. मोठी रक्कम बहुतेक वेळा पोराच्या नावाने बँकेत फिक्स ठेवायला लावतात, म्हणून काही नातेवाईकांचा उत्साह तिथेच मावळतो.

पेठेतलाकाका:
शाळा म्युन्सिपाल्टीची असेल तर?

काळाकोट:
आधी नोटीस. सरकारवर दावा लावायचा तर दोन महिन्यांची नोटीस, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०, आणि महापालिकांच्या कायद्यात त्यांची नोटीस वेगळी. खड्डे आणि उघड्या मॅनहोलसाठी मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला सहा लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख असं ठरवून दिलंय, पण ते रस्त्यापुरतं. आणि टपोरेदाणे ताई, वकिलाची फी ही अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायका आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, फुकट वकील मिळतो. १५१०० वर फोन करा.

टपोरेदाणे:
शाळा खाजगी ट्रस्टची आहे. शाळेने ॲडमिशनच्या वेळी फॉर्म घेतला होता 'कोणत्याही अपघातास शाळा जबाबदार राहणार नाही', त्यावर भाऊजींची सही आहे, ते त्यालाच घाबरलेत.

काळाकोट:
घाबरू नका म्हणावं. असा कागद आहे म्हणून शाळेची पोरं सांभाळायची जबाबदारी संपत नाही. १९९५ साली पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली, १४ मुलं बुडाली, सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये प्रत्येक घरी पाच लाख हे शाळेवर कायम केले. मुलं सोपवली म्हणजे आईबापाच्या जागी तुम्ही. आता महत्त्वाचं, गेट आधीपासून खराब होतं हे कशावरून दाखवणार? तक्रार केली होती का कुणी?

शब्दवेडी:
(तक्रार मूळ अरबीत म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. सरकारी ऑफिसात गेलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.)

टपोरेदाणे:
तक्रारीचं माहीत नाही. पण गेटचा फोटो आहे, गॅदरिंगच्या दिवशीचा, मागे गेट दिसतंय. त्याला तारेने एक पाटी बांधलीये, झूम करून वाचली, 'गेट नादुरुस्त आहे. सावकाश सरकवावे.'

काळाकोट:
ताई तो फोटो जपा, मूळ फाईल, फॉरवर्ड केलेली नाही. आणि आजच्या आज दोघातिघांना पाठवून ठेवा. नादुरुस्त आहे हे त्यांनीच लिहिलंय, म्हणजे त्यांना माहीत होतं. आता अनवधान गेलं तेल लावत.

पेठेतलाकाका:
म्हणजे मी म्हणत होतो ते बेदरकारच निघालं.

शब्दवेडी:
मान्य काका, मान्य. माहीत असून न करणं, शब्द तुमचाच.

टपोरेदाणे:
आत्ता बहिणीच्या घरी आहे. भाच्याला विचारलं, पाटी बघितली होतीस का रे. म्हणतो हो, रोजच होती. मग हात कशाला लावलास? तर म्हणतो मावशी, मला दुरुस्त माहितीये, दुरुस्त म्हणजे रिपेअर केलेलं. 'ना' मला वाटलं 'आहे ना' मधलं.