मंगळवारी कोण येणार?

तिसरी_शेगडी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

तेरा वर्षं मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये काढली, त्यातली शेवटची चार सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखाल. आता स्वतःचं काढायचंय. मेन्यू छोटा आणि रोज बदलता. झुंबरं वगैरे काही नकोत, पण ताट समोर आलं की बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडेल असं जेवण. थोडक्यात, महाग.

जागा मिळतेय ती मध्यवस्तीत नाही, उपनगरात. ५२ खुर्च्या बसतील. समोर बाग, मागे दोन शाळा, आजूबाजूला दोघंही कमावणारी, एक-दोन लहान मुलं असलेली घरं. भाडं मध्यवस्तीच्या निम्म्याहूनही कमी. एजंट म्हणतो, "मॅडम, इथे पैसा आहे, खर्च करायला जागा नाही." मी सलग तीन शनिवार बागेतल्या बाकावर बसून ये-जा मोजली. माणसं भरपूर आहेत. पण साडेनऊला रस्ता सामसूम होतो, आणि कोपऱ्यावरच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये शिरलेलं चौघांचं कुटुंब चाळीस मिनिटांत जेवून बाहेर पडतं.

भाऊ पैसे घालतोय, तो म्हणतो धावेल. नवरा काहीच म्हणत नाही, म्हणजे त्याला पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

दोन_मुलींचा_बाबा

तुमचं गिऱ्हाईक बोलतंय असं समजा. मोठी सात वर्षांची, धाकटी तीन. पैशाची अडचण नाही, संध्याकाळची आहे. मुलींना सांभाळायला कोणीतरी मिळणार, मग आम्ही दोघं बाहेर पडणार, असा योग दोन-अडीच महिन्यांतून एकदा येतो. आणि तेवढ्या एका संध्याकाळी आम्ही थेट शहर गाठतो. कुठेतरी गेल्यासारखं वाटायला नको का? घराजवळ जेवायला बसावं तर शेजारच्या टेबलावर धाकटीच्या वर्गाच्या बाई!

वाट_वाकडी

असहमत. इंग्लंडमधलं ब्रे बघा. टेम्सच्या काठचं एवढंसं गाव, पण तिथे वॉटरसाइड इन १९७२ पासून आहे आणि फॅट डक १९९५ पासून. दोन्हींनी मिशेलिन मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळवले, त्याहून वर तारे नाहीत. जेवण खणखणीत असेल तर माणसं कुठेही येतात. ताई, बिनधास्त काढा.

गल्ला_मोजून_झाला

ताई, बिनधास्त वगैरे काही काढू नका. आधी हे वाचा.

मी अगदी असंच रेस्टॉरंट अशाच वस्तीत सहा वर्षं चालवलं. पहिली दोन बुडता बुडता, पुढची चार बरी. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा चालतं रेस्टॉरंट विकून मोकळा झालो. म्हणजे दोन्ही बाजू पाहिल्यात.

आधी ब्रेचं बघू. मिशेलिन ही टायरवाली कंपनी. लोकांनी गाड्या पळवाव्यात म्हणून तिने १९०० साली वाटाड्या पुस्तिका काढली. रेस्टॉरंटांना तारे तीच देते. दोन ताऱ्यांचा अर्थ वाट वाकडी करून जावं, तीन ताऱ्यांचा अर्थ मुद्दाम प्रवास करून जावं. ब्रेची ती रेस्टॉरंट्स गावातल्या घरांवर चालत नाहीत, दुरून येणाऱ्यांवर चालतात. तुमच्या बागेसमोरचा माणूस मुद्दाम प्रवास करून आलेला नाही. तो पोराला घसरगुंडीवरून उतरवून आलाय, आणि त्याच्या बुटात वाळू आहे.

(जाता जाता, फॅट डक सुरू झालं तेव्हा साधं बिस्त्रो, म्हणजे छोटं घरगुती रेस्टॉरंट होतं. पहिला तारा १९९९ साली, तिसरा २००४ साली. नऊ वर्षं. तुमचा भाऊ नऊ वर्षं थांबेल का, विचारून बघा.)

आता मंगळवार. माझ्या ४४ खुर्च्या होत्या, सोमवारी सुट्टी. पहिल्या वर्षाचा सरासरी आठवडा वहीत आहे: शुक्रवारी ६० माणसं, शनिवारी ६०, रविवारी ३५, आणि मंगळ-बुध-गुरू रोज अकरा. एकूण १८८. त्यातली १२० दोन रात्रींत. पगार मात्र सहाही रात्रींचे. शनिवारी दारात रांग बघून लोक म्हणायचे, तुमचं काय बुवा, जोरात चाललंय! मी हसायचो आणि गुरुवारी रात्री उरलेला माल घरी घेऊन जायचो. वर तुम्हाला मेन्यू रोज बदलायचाय. अकरा माणसांत रोज बदलता मेन्यू म्हणजे रोज नवं नुकसान. बदल आठवड्याला करा, आणि एकच जिन्नस तीन पदार्थांत फिरवा. तुम्ही शेफ आहात, हे मी सांगायला नको, पण स्वतःचा गल्ला असला की शेफ हेच पहिलं विसरतो. मीही विसरलो होतो.

कमी भाड्याच्या मोहात तर पडूच नका. या धंद्यातला ठोकताळा असा की कच्चा माल आणि पगार मिळून विक्रीच्या ६० ते ६५ टक्के जातात, आणि भाडं दहाच्या आत ठेवायचं असतं. भाडं निम्मं झालं तरी हातात येतात चार-पाच टक्के. तेवढे तर बुधवारच्या रिकाम्या खुर्च्याच खातात. त्यात उपनगरातला एक खर्च कोणी धरत नाही. चांगला कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) तुमच्या वस्तीत राहत नाही, त्याला शेवटची गाडी पकडायची असते. माझा एक उत्तम पोरगा निव्वळ त्या पावणेअकराच्या गाडीपायी गेला.

मग बदललं काय? एका बुधवारी सात वाजता एक जोडपं चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. मी दारात उभा. मनात म्हटलं, झालं! त्या काळात आम्ही ऑर्डर घेतल्यावर पहिलं ताट पंचवीस मिनिटांनी पाठवायचो आणि त्यालाच रुबाब समजायचो. दहाव्या मिनिटाला पोरगं टेबलाखाली. विसाव्या मिनिटाला बाप त्याला कडेवर घेऊन बाहेर फूटपाथवर फेऱ्या मारतोय आणि आई एकटी बसलीय. ताट आलं. आईने घाईघाईने खाल्लं, मग बाहेर जाऊन पोराला घेतलं आणि बाप आत आला. दोघांनी एवढे पैसे मोजून पाळीपाळीने जेवण केलं. बिल देताना ती बाई मला "सॉरी" म्हणाली. मला!

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी किचनला सांगितलं, सात वाजता आलेल्या टेबलावर आठ मिनिटांत काहीतरी पोचलंच पाहिजे. संध्याकाळी साडेसहाला दार उघडायला लागलो. पन्नास मिनिटांत उठायची मुभा असलेलं तीन पदार्थांचं ठरीव जेवण आणलं. तेच ताट, तोच शेफ, फक्त लांबण नाही. साडेआठनंतर दिवे मंद, आणि ज्यांना रेंगाळायचंय त्यांचं राज्य. कॉर्नेल विद्यापीठाच्या शेरिल काइम्स यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी मांडलेला हिशेब आहे: कमाई टेबलामागे मोजायची नाही, दर खुर्चीच्या दर तासामागे मोजायची. तो मला तेव्हा कळला. साडेसहा ते आठ हा वेळ मध्यवस्तीतल्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये मेलेला असतो. उपनगरात तोच तुमचा शनिवार.

मंगळ-बुध-गुरू अकराचे सव्वीस व्हायला चौदा महिने लागले.

वही_खाते

हिशेबनीस म्हणून दोन ओळी. 'दहातली नऊ रेस्टॉरंट्स पहिल्याच वर्षी बंद पडतात' हे वाक्य कोणीतरी तोंडावर फेकेलच, ते मनावर घेऊ नका. एच. जी. पारसा या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलंबस शहरातली नोंद तपासून २००५ साली छापलं: पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के, तीन वर्षांत साठच्या आसपास. कमी नाही, पण नऊही नाहीत. त्यांनी मालकांशी बोलून कारणं शोधली, त्यात घरच्यांसाठी वेळ न उरणं हेही होतं. यजमान गप्प आहेत म्हणालात, म्हणून आठवलं. बाकी, किमान सहा महिन्यांचे पगार आणि भाडं बाजूला नसेल तर सहीच करू नका.

दोन_मुलींचा_बाबा

गल्लादादा, साडेसहाला उघडं आणि आठ मिनिटांत ताट? मग सांभाळणारं शोधायलाच नको, पोरींना घेऊनच येतो. दोन महिन्यांतून एकदाचं पंधरा दिवसांतून एकदा होईल. वर्गाच्या बाई भेटल्या तर भेटल्या.

तिसरी_शेगडी

सगळ्यांचे आभार. दादा, तो फूटपाथवरचा बाप डोळ्यांसमोरून हलत नाहीये. एक विचारते, मुलांसाठी वेगळा मेन्यू ठेवावा का? माझ्यातला शेफ साफ नाही म्हणतो.

गल्ला_मोजून_झाला

शेफचं ऐका. वेगळा मेन्यू आला की वेगळा माल आला, आणि पोरांना काही समजत नाही अशी तुम्हीच कबुली दिलीत. मोठ्यांचंच ताट अर्ध्या मापात द्या, अर्ध्याहून थोड्या जास्त किमतीत. किचनला नवीन काही शिकावं लागत नाही. आमच्याकडे सहा-सात वर्षांची पोरं दोन भेटींत वेटरला नावाने हाक मारायला लागली. आणि पुढच्या वेळी कुठे जायचं हे घरात कोण ठरवतं, ते वरच्या बाबांना विचारा.

बाबागाड्या लावायला दाराशी जागा ठेवा. आम्ही ती विसरलो होतो, दोन वर्षं वेटर ठेचकाळत होते. ५२ खुर्च्यांचा मोह सोडा, चाळीसच मांडा.

शेवटचं. तुम्ही तीन शनिवार मोजलेत म्हणता. शनिवारी तर मीही सुखी होतो. सही करण्याआधी मंगळवारी त्याच बाकावर बसा, साडेसहा ते साडेआठ. किती घरांत स्वयंपाकघराचा दिवा लागतो आणि किती घरांच्या दारात जेवण पोचवणारा येतो, तेवढंच मोजा. दारात जेवण आलेली घरं तुमची.

तिसरी_शेगडी

उद्या मंगळवारच आहे. जाते. नवऱ्यालाही नेते, बोलत नसला तरी मोजायला हरकत नाही.