विजेचे नियम बदलत नाहीत, पण घरातली उपकरणं बदलतात
‘ओहमचा नियम तोच आहे, मग इलेक्ट्रिशियनने परवान्याच्या नूतनीकरणासाठी पुन्हा वर्गात कशाला बसायचं?’ हा मुद्दा अर्धा पटतो. बरेचसे उजळणी वर्ग म्हणजे जुन्या स्लाइड आणि शेवटी प्रमाणपत्र. पण या चर्चेत इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरचा विषय कुणीच काढला नाही. त्यात बिघाड झाला तर एसीऐवजी (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाऐवजी) सपाट डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाची गळती अर्थिंगमधून जमिनीकडे जाऊ शकते. या डीसीमुळे साध्या आरसीसीबीचा (गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचचा) चुंबकीय गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्याला पुढची गळती जाणवत नाही, आणि मग खरा शॉक लागत असतानाही ती ट्रिप होईलच असं नाही. टाइप ए (थोडी डीसी चालवून घेणाऱ्या) आरसीसीबीची हमी ६ मिलिअँपिअर डीसीपर्यंतच असते. म्हणून एकतर टाइप बी (सपाट डीसी गळतीही ओळखणारी) लावायची, नाहीतर ज्या चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअरची डीसी तपासणी आहे तो घ्यायचा. त्यातही मेख अशी की चार्जरच्या मागे, सगळ्या घराला मिळून एकच साधी आरसीसीबी असेल तर तीही आंधळी होऊ शकते, म्हणजे बाथरूमच्या गीझरचं संरक्षणही गेलं! जुन्या अभ्यासक्रमावर परवाना मिळवलेल्याला हे कोण सांगणार?

नूतनीकरणासाठी ठरावीक तास वर्गात बसण्याच्या सक्तीबद्दल मात्र तक्रार रास्त आहे. नुसते तास मोजून काय होतं? अमेरिकेत एनईसी (नॅशनल इलेक्ट्रिकल कोड) ही वीजजोडणीच्या नियमांची संहिता दर ३ वर्षांनी सुधारते, पण राज्यं ती आपापल्या सवडीने लागू करतात. तेव्हा फी भरण्याआधी वर्गात कोणती आवृत्ती शिकवणार आणि आपण काम करतो तिथे कोणती लागू आहे, एवढं तरी विचारून घ्या.